तुलनेची सवय मोडायची तर प्रार्थनेत काय बदलावं

कुणी मन मोकळं करून म्हटलं, "सगळे पुढे गेले, मीच मागे राहिलो," की आपल्या ख्रिस्ती मंडळीत हमखास एक उत्तर मिळतं: "अरे, तुझ्याहून वाईट अवस्थेत किती जण आहेत, त्यांच्याकडे बघ आणि देवाचे आभार मान." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यात झालं काय, तर वर बघून जळणारा डोळा खाली वळवला, एवढंच. तुलना तशीच चालू राहिली, फक्त या खेपेला निकाल आपल्या बाजूने लागला.

येशूने हीच प्रार्थना एका माणसाच्या तोंडी घातली आहे. लूक १८ मधला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून आभारच मानतो. त्याच्या प्रार्थनेत मागणं एकही नाही आणि तक्रारही एकही नाही. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश, आणि दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे बोट. देवाशी बोलता बोलता तो त्या जकातदाराच्या खांद्यावर चढून उंच झाला. म्हणून तुलनेच्या सवयीवर काम करायचं असेल तर पहिली तपासणी आपल्या आभारप्रार्थनेची करावी. रात्रीच्या घरगुती प्रार्थनेत आपण म्हणतो ना, "प्रभू, कितीतरी लोक रस्त्यावर झोपतात, तू आम्हाला छप्पर दिलंस"? रस्त्यावर झोपणाऱ्यासाठी वेगळं मागणं करा, जमलं तर घरातली जास्तीची चादर नेऊन द्या. आपल्या आभारात मात्र त्याला आणू नका.

नियम असा: रोज तीन आभार, तिन्ही त्याच दिवसाचे, आणि तिन्हींत दुसऱ्या कुणाशी मोजमाप नाही. 'चांगलं आरोग्य, चांगलं कुटुंब, तुझी कृपा' असं म्हणून भागवायचं नाही, कारण ही वाक्यं चार दिवसांत पाठ होतात आणि मन तिथे थांबतच नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना दुपारी कूलरचा पंप चालला, हा आभार. नळाला सकाळी पूर्ण वेळ पाणी आलं, हा आभार. सासूबाईंचा गुडघा आज कमी दुखला, हाही. पहिल्या आठवड्यात तिसरा आभार सुचायला जड जातं, तेव्हा दोनवर थांबलात तरी चालेल, पण ओढूनताणून मोठं काही म्हणू नका.

आता दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायचं. एक साधी वही घेऊन आठवडाभर चार रकाने भरावेत: कोण, कोणती गोष्ट, कुठे आणि किती वाजता, आणि त्या क्षणी मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं. शेवटच्या रकान्यात फार सभ्य भाषा वापरली तर वहीचा उपयोग नाही. 'मला थोडं वाईट वाटलं' हे वाक्य मनात कधीच आलेलं नसतं. आलेलं असतं ते असं: "मावसभाऊ. नवी गाडी. व्हॉट्सअॅप स्टेटस, रात्री पावणेअकरा. दहावीत माझ्याच वहीतून उतरवून पास झाला होता लेकाचा." ही वही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. स्तोत्रकार आसाफनेही स्तोत्र ७३ मध्ये स्वतःबद्दल कमी लिहिलेलं नाही. देवासमोर मी पशूसारखा होतो, इतक्या स्पष्ट शब्दांत तो बोलतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे पहिल्या रकान्यात 'सगळे' आणि दुसऱ्यात 'सगळंच' असं लिहिणं. 'सगळे' नावाचा माणूस नागपुरात राहत नाही. नाव आणि वस्तू लिहायला लागलं की आठवड्याच्या शेवटी बहुतेकांच्या वहीत तीन-चारच नावं उरतात, आणि तीही लांबची नसतात. बरोबरीने शिकलेली मैत्रीण, धाकटी जाऊ, तरुण संघात एकत्र वाढलेला कुणी, एकाच ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा. अंबानींच्या घरावरून कुणाची झोप उडत नाही. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हेच मांडलं: माणूस स्वतःला मोजायला आपल्यासारख्याच माणसाला निवडतो. बायबलात तर पहिल्याच पुस्तकात काइनाला सख्खा भाऊ सलतो, राहेलीला सख्खी बहीण, योसेफाच्या भावांना घरातलाच धाकटा. शौल राजाला सललेला दावीदही शत्रूचा, पलिष्ट्यांचा, नव्हता, त्याच्याच बाजूने लढलेला पोरगा होता. दावीदाच्या हातून पलिष्ट्यांचा वीर गल्याथ पडला तो शौलाच्याच राज्याचा विजय. पण बायकांनी गाण्यात शौलाचे हजार आणि दावीदाचे दहा हजार असा हिशेब घातला आणि शौलाचं मन तिथेच अडकलं. १ शमुवेल १८ वाचताना दिवस मोजा: गाणं ऐकल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या हातून दावीदावर भाला सुटला.

नावं कळली की लगेच 'हे पाप आहे, मला क्षमा कर' असं म्हणून सगळं एका गठ्ठ्यात बांधू नये. इथे प्रामाणिक, देवभीरू माणसंच जास्त चुकतात. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक खूण करायची, कारण त्यात वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

काही ओळींमागे खरी गरज असते. दुसऱ्याच्या मुलाची फी वेळेवर भरली गेली हे पाहून पोटात कालवलं, कारण आपल्या मुलाची भरायची आहे. ही असूया म्हणून धुऊन टाकायची नाही, मागणं म्हणून मांडायची. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीला जागा आहे, आणि ती क्षमेच्या आधी आहे. काही ओळींमागे शिकण्याजोगं काही असतं. एखाद्याचं घर शांत आहे, एखादीला वचनं तोंडपाठ आहेत, एखाद्याने कर्ज न काढता मुलीचं लग्न केलं. पौल तर उघड सांगतो की माझं अनुकरण करा (१ करिंथ ११:१). अशा माणसाला जाऊन विचारावं, "तुम्ही हे कसं जमवलं जी?" विचारलं की निम्मी धार तिथेच उतरते.

आणि काही ओळींमागे अन्याय असतो. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण 'तुलना करू नये' हे वाक्य मंडळीत अनेकदा दुबळ्याचं तोंड बंद करायला वापरलं जातं. एकाच कामाला बाईला कमी पगार, मंडळीच्या शाळेत कुणाला कायम केलं आणि कुणाला वर्षानुवर्षं कंत्राटावर ठेवलं, वडिलांच्या घरात बहिणीचा वाटा विसरला गेला. हे बोलून दाखवणारीला "संतोष मान, ताई" म्हणणं हा बायबलचा सल्ला नाही. प्रेषितांची कृत्ये ६ उघडून पाहा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली की रोजच्या वाटपात इब्री विधवांना मिळतं आणि आमच्या विधवांना डावललं जातं. ही तुलनाच होती. प्रेषितांनी तिला मत्सर म्हटलं नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडायला लावली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं. त्या सातांची नावं स्तेफनापासून नीकलावापर्यंत सगळी ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार करणाऱ्यांच्याच भाषेतल्या नावांची माणसं वाटपावर आली. तेव्हा वहीतली ओळ अन्यायाची असेल तर तिची जागा प्रार्थनेच्या खोलीत आहेच, पण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या टेबलावर, लेबर ऑफिसात किंवा वकिलाकडेही आहे.

गरज, शिकण्याजोगं आणि अन्याय बाजूला काढल्यावर उरतो तो मानाचा प्रश्न. मला कुणी पाहत नाही, माझं नाव घेतलं जात नाही, तो दिसतो आणि मी दिसत नाही. इलाज करायचा तो याचा.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०) सगळ्यांना पाठ असतो, पण त्यातल्या पैसे देण्याच्या क्रमाकडे फारसं कुणी पाहत नाही. सकाळी आलेल्यांशी एक दिनार ठरला होता, दिवसभराची रास्त मजुरी. नंतर नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला माणसं आली. संध्याकाळी मालक कारभाऱ्याला सांगतो की शेवटच्यांपासून सुरुवात कर. हाच क्रम उलटा असता तर सकाळचे मजूर आपला दिनार कनवटीला लावून खुशीत घरी गेले असते. त्यांना पाचवाल्याच्या हातात काय पडलं हे कळलंही नसतं. दाखल्यातल्या मालकाने मुद्दाम त्यांना रांगेत थांबवून ते दाखवलं. मजुरी सकाळी ठरली तेवढीच होती, फक्त मधे दुसऱ्याचा हात दिसला. आपल्या वहीतली ओळ आणि तिच्यापुढची वेळ याच्याशी ताडून पाहा. स्टेटस बघण्याच्या एक मिनिट आधी आपल्याकडे जे होतं, तेच नंतरही होतं.

योहान २१ मध्ये हेच फार जवळून दिसतं. पहाट, किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, जाळ्यात १५३ मोठे मासे. शिष्य पेत्राने याआधी येशूला तीनदा नाकारलेलं, म्हणून येशू त्याला तीनदा विचारतो आणि तीनदा काम सोपवतो. त्याचं मरण कसं येईल तेही सांगतो आणि म्हणतो, माझ्यामागे ये. एवढं सगळं, तेही खास त्याच्यासाठी. आणि पेत्र काय करतो? मागे वळतो, दुसरा शिष्य योहान येताना पाहतो आणि विचारतो, "प्रभू, याचं काय?" आपलं बोलावणं कानात ताजं असतानाच हा प्रश्न येतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उपासनेत मन भरून आलं आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत जळफळाट सुरू झाला, तर आपला विश्वास खोटा होता असं समजू नये. येशू पेत्राला योहानाबद्दल काहीच माहिती देत नाही. तुला काय त्याचं, तू माझ्यामागे ये, एवढंच. पुढे कृत्ये ३ मध्ये दुपारी तीनच्या प्रार्थनेला मंदिरात जाणारे दोघे जण कोण, तर पेत्र आणि योहान.

म्हणून आता उपाय, आणि तो करायला नको वाटतो हे आधीच सांगते. वहीत ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलंय, त्याच्यासाठी रोज दोन मिनिटं प्रार्थना करायची, आणि ज्या गोष्टीवरून सलतंय त्याच गोष्टीसाठी. नुसतं 'त्याला आशीर्वाद दे' नव्हे. मावसभावाची गाडी सलत असेल तर: "प्रभू, अमुकला तू गाडी दिलीस. त्यात बसणारे सगळे सुखरूप राहोत. हप्ते वेळेवर फिटोत. त्याला यापुढेही दे." नाव, वस्तू, संरक्षण, वाढ. चार वाक्यं. शेवटचं वाक्य घशात अडकतं, आणि तेच टाळलं तर बाकीच्या तिन्हींचा फारसा उपयोग होत नाही.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे मनात नसताना म्हणणं ढोंग आहे असं वाटून माणूस थांबतो. पण शत्रूसाठी प्रार्थना करा असं सांगताना प्रभूने आधी प्रेम वाटू द्या अशी अट घातलेली नाही. म्हणत राहा, मन मागून येतं. कधी तीन आठवड्यांनी येतं, कधी त्याहून उशिरा. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. प्रार्थना हळूहळू वळण घेते: "त्याला नम्र कर, त्याला पैशाचा मोह होऊ देऊ नकोस, त्याचे डोळे उघड." हे मागणं दिसायला आध्यात्मिक, पण आत भालाच आहे. अशा प्रार्थनेत त्या माणसाच्या सुधारणेचा शब्द आला की थांबून पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करावं.

याच्या जोडीला एक कृती. रोमकरांस पत्र १२:१५ म्हणतं, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. दुसरा भाग आपल्या लोकांना उत्तम जमतो. मौतीला अख्खी मोहननगर वस्ती लोटेल. पहिला भाग अवघड. बातमी कळल्यापासून एका दिवसाच्या आत फोन करून अभिनंदन करावं, मेसेजवर भागवू नये, कारण मेसेजात फुलांचे चार गुच्छ टाकून मोकळं होता येतं. फोनवर एक प्रश्न विचारावा ज्याचं उत्तर ऐकायला थांबावं लागेल: कधी ठरलं, आईला कसं सांगितलं, पहिल्यांदा कुणाला घेऊन गेलात. आणि "मजा आहे बाप्पा तुमची!" हे वाक्य गिळावं. ऐकणाऱ्याला त्यातला काटा बरोबर कळतो.

जे मनात आहे ते एका माणसाला तरी सांगून टाकावं, याकोबाचं पत्र ५:१६ प्रमाणे. कॅथलिक असाल तर पापनिवेदन आहेच. इतरांनी वयाने मोठी, आपल्या वहीत नाव नसलेली आणि वहीतल्या तीन-चार जणांशी नातं नसलेली व्यक्ती निवडावी. पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं पुरतात. प्रार्थना-गटात मात्र हे बोलू नये. तिथे 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते' या नावाखाली ज्याच्याबद्दल आपण जळतो त्याच्या घरची भांडी उघड्यावर येतात.

आता थोडं मंडळीबद्दल, कारण ही सवय फक्त एकेकट्याची नसते, आपण ती रविवारी शिकवतोही. कापणीच्या सणाचा लिलाव घ्या. वेदीपुढे भोपळे, संत्र्यांच्या टोपल्या, पपया, कुणी आणलेली कोंबडी, कुणी केलेला केक. बोली सुरू होते, दोन घरं एकमेकांवर चढतात, भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट जातो, टाळ्या पडतात. मजा येते, निधीही जमतो. पण शेवटच्या बाकावर बसलेली, घरच्या परड्यातली दोन वांगी घेऊन आलेली बाई त्या दुपारी काय शिकून घरी जाते? आभारार्पणाची पाकिटं नाव आणि रक्कम वाचून दाखवायच्या पद्धतीचंही तेच. मत्तय ६ मध्ये उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं सांगितलंय, आणि आपण ते माइकवर सांगतो.

बदल करणं कठीण नाही. नावं वाचायची असली तर रकमा वाचू नयेत, शेवटी एकूण बेरीज सांगावी. लिलावाऐवजी वस्तूंवर चिठ्ठ्या ठेवाव्यात, ज्याला जी वस्तू हवी त्याने रक्कम लिहून बंद डब्यात टाकावी, सर्वाधिक रकमेला वस्तू द्यावी आणि कुणी किती लिहिले हे फक्त खजिनदाराला कळावं. खजिनदारांचे दोन आक्षेप ठरलेले असतात. निधी कमी होईल, हा पहिला. पहिल्या वर्षी तो कमी होऊही शकतो, हे धरूनच कमिटीने निर्णय घ्यावा. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: गुप्त ठेवलं तर हिशेबावर संशय येतो. त्यासाठी प्रत्येकाला क्रमांकाची पावती द्यावी आणि नावांशिवाय, पावती क्रमांकांसह यादी नोटीस बोर्डावर लावावी. ज्याला आपला आकडा पडताळायचा तो पडताळेल. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला श्रीमंत आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, म्हणून पौल किती चिडला ते १ करिंथ ११ मध्ये आहे. आपल्या वेदीवर भाकरीचा तुकडा सगळ्यांना एवढासाच मिळतो. लिलाव त्याच वेदीपुढे होतो.

मंडळ्या आपसातही मोजतात. 'आमची मूळची अमुक मिशनची मंडळी' हा सूर नागपुरात अजून ऐकू येतो, आणि हे विशेष वाटतं, कारण सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती इथेच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, २९ नोव्हेंबर १९७० रोजी.

फोनचं काम पाच मिनिटांचं आहे. इन्स्टाग्रामवर त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर जाऊन 'फॉलोइंग'वर बोट ठेवलं की 'म्यूट' येतं. पोस्ट आणि स्टोरी दोन्ही बंद करता येतात, समोरच्याला कळत नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसवर नाव दाबून धरलं की तिथेही म्यूट आहे. अनफॉलो करू नका, नात्यात त्याचा बोभाटा होतो. आणि म्यूट केल्यावर त्या नावाची दोन मिनिटांची प्रार्थना बंद करू नका, नाहीतर डोळ्याआड केलेला माणूस मनात वाढत राहतो. वहीतल्या वेळा पाहिल्या तर बहुतेकांच्या ओळी रात्री दहानंतरच्या निघतात. दहाला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला तरी वहीची निम्मी पानं कोरी राहतात.

घरात मुलं असतील तर सगळ्यात आधी आपली जीभ बघावी. मे-जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं: "पाय त्या पोट्टीले, टूशन नाही, काही नाही, तरी कशी नंबर आणते." मुलाला यातून अभ्यासाची गोडी लागत नाही, ती पोट्टी नकोशी होते. याकोबाने एका मुलाला वेगळा झगा शिवला आणि थोरल्या दहा भावांना घरात त्याच्याशी धड बोलता येईना (उत्पत्ती ३७:४). कलस्सैकरांस पत्र ३:२१ बापांना बजावतं की मुलांना चिडवू नका, ती खचतील. निकालाच्या दिवशी काय करावं, तर मुलाचे यंदाचे गुण त्याच्याच मागच्या परीक्षेच्या गुणांशी लावून बघावेत, तेही दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी पेढे आणावेत, गुण कितीही असोत. नातेवाइकांचा फोन आला तर टक्के मुलाला विचारल्याशिवाय सांगू नयेत, आणि "तुमच्याकडे किती?" हा प्रश्न आपण विचारू नये. भावंडांत तर कधीच मोजू नये. तालांतांच्या दाखल्यात (मत्तय २५) पाच तालांतवाल्याला आणि दोन तालांतवाल्याला धनी जे बोलतो ते वचन २१ आणि २३ शेजारी ठेवून मुलांना वाचून दाखवा. शब्दन् शब्द तोच आहे. आणि एक तालांत म्हणजे चिल्लर नव्हती; सुमारे सहा हजार दिनार, मजुराची वीसेक वर्षांची कमाई.

एक गोष्ट वेगळी ओळखावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, मी नसतो तर बरं झालं असतं असे विचार येतात, तर ही तुलनेची सवय राहिलेली नाही. अशा वेळी वही आणि प्रार्थनेची चार वाक्यं यांवर विसंबू नये, मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. पाळकसाहेबांनी हा क्रमांक ऑफिसच्या दारावर लावून ठेवावा. डॉक्टरकडे जाणं विश्वासाची कमतरता नव्हे, हे पुलपिटावरून एकदा तरी स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

सवय परत येते, आणि परत आली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. राहेलीची बहीण लेआ हिचं पाहा (उत्पत्ती २९); दोघींचा नवरा एकच, याकोब. पहिल्या तिन्ही मुलांची नावं ठेवताना तिच्या डोळ्यापुढे नवऱ्याचं राहेलीवरचं प्रेम आहे. आता तो माझ्यावर प्रीती करील, आता तो मला जडून राहील. चौथ्याच्या वेळी ती नवऱ्याचं आणि बहिणीचं नावच काढत नाही. यंदा मी परमेश्वराची स्तुती करीन म्हणते आणि त्याचं नाव यहूदा ठेवते. इथे गोष्ट संपवली असती तर प्रवचन छान झालं असतं. पण पुढच्याच अध्यायात राहेलीची दासी पुढे आली, की लेआही आपली दासी जिल्पा पुढे करते आणि मोजणी पुन्हा सुरू होते. तरी यहूदाचं नाव यहूदाच राहिलं, आणि मत्तयच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ त्याच्यावरूनच येशूपर्यंत जाते.

ती परत कधी येणार हे साधारण ठरलेलं असतं: निकाल, लग्नसराई, कापणीचा सण आणि नाताळ. नाताळात तर कॅरल पार्टी घरोघर फिरते आणि कुणाच्या अंगणात किती मोठा तारा, कुणी फराळाला काय ठेवलं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आठवडाभर आधी वही काढून ठेवावी. कॅरलवाल्यांना काय द्यायचं ते आधीच ठरवावं, पोहे तर पोहे, आणि ऐनवेळी शेजारच्या घरचं ऐकून त्यात भर घालू नये. वहीत मात्र नवं पान घ्यावं, कारण गेल्या वर्षीच्या चार नावांपैकी दोन तरी एव्हाना बदललेली असतात.